रकाना सातवा

करावे गावामागचा बांध ओलांडला
की गमबूट निरुपयोगी होतात.
ते तिवराच्या फांदीला अडकवले,
फॉर्मांचा गठ्ठा डोक्यावर घेतला
आणि भांगाच्या ओहोटीत उतरलो, कमरेएवढ्या चिखलात.
साहेब म्हणाले होते, कुटुंबं मोजा, नुसती कुटुंबं,
त्यांच्या रीतीभाती लिहून आणू नका.

नाव.
घुंबी म्हणाली, कुठलं देऊ?
शेपूट होती तेव्हाचं पाण्याला परत केलंय,
पाय फुटल्यावरचं आईकडे असतं,
आताचं कुणी हाक मारल्याशिवाय मलाच आठवत नाही.
मी 'घुंबी' लिहिलं.
तो बहुतेक नुसता तिचा श्वास होता.

वय.
उन्हाळे ती चिखलाखाली झोपून काढते.
झोपलेले महिने इथे वयात धरत नाहीत,
देण्याघेण्यातही नाहीत.
खाली गेलेल्याचं व्याज थांबतं,
भांडण अर्धवट असेल तर तसंच ठेवतात,
झाकण घातलेल्या कालवणासारखं.
मी पेन्सिलीने अंदाजे चाळीस टाकले.

अपत्ये.
ती हसली असावी, गळ्याची पिशवी दोनदा फुगली.
अंडी सगळ्यांची एकाच डबक्यात,
पोर ज्याच्या पाठीवर चढेल त्याचं.
पलीकडे एकाच्या पाठीवर सात होती, मिरीएवढी,
आणि तो पंधरा दिवस कुणाशी बोललेला नव्हता,
बोललं की पाठ हलते म्हणून.

जेवायला बसवलं.
खुबे, निवट्या, मऊ शेवाळ,
आणि एका मुलापुढे त्याचीच सकाळी निघालेली कात, नीट घडी घालून.
गिळताना सगळ्यांचे डोळे मिटतात,
डोळ्यांनीच घास आत ढकलावा लागतो.
म्हणून, घुंबी म्हणाली,
आमच्यात कुणी कुणाचं पान बघत नाही.

पाहुण्याला इथे पाणी विचारत नाहीत.
ओला तळवा पाठीवर ठेवतात, ते आपसूक आत जातं.
तिने माझ्या शर्टाखाली हात घातला
आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला.
'मीठवाल्याचा तू.'
हो म्हणालो. जोमा तांडेलचा.
शाळा सुटली की मीच फळी ओढायचो मिठागरात.
आमच्या पांढऱ्या ढिगांखाली
तिच्या लोकांची किती डबकी गेली,
असा रकाना फॉर्मात नाही.
तिने हात खाडीत बुचकळला,
पुन्हा ठेवला. पुन्हा चटका.
पुन्हा ठेवला.

रकाना सातवा, अंगठा.
तिने पंजा पुढे केला,
चार बोटं, मध्ये पातळ पडदा, उन्हात शिरा दिसणारा.
अंगठा नव्हताच.
माझ्या बापाला होता.
जमिनीच्या कागदावर निळा उमटला,
मग साडेबारा टक्क्यांची वाट बघत
बाप ओटीवर बसून त्या एकाच बोटाकडे बघायचा,
जसं काही ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

घुंबीने कागद बाजूला सारला,
चिखलावर पंजा दाबला.
हा करार, म्हणाली, दोन भरत्या टिकतो.
आणि मग?
मग परत येऊन विचारायचं, अजून कबूल आहे का.
दर वेळी?
ती बघत राहिली.
'तुमच्यात विचारत नाहीत?'

सातवा रकाना कोरा ऑफिसात चालत नाही.
सानपाड्याला, आठव्या मजल्यावर,
रात्री ताटावर बसलो, घास घेतला, डोळे मिटले.
प्रांजू म्हणाली, बाबा, झोपलात?
पाठीवर ओल होती, चार बोटांएवढी,
पंख्याखालीही न वाळलेली.

संध्याकाळची भरती येऊन गेली.
दुसरी सकाळी साडेसहाला.
गमबूट तिथेच राहिलेत.