रकाना सातवा

लोकमान्य नगरापासून सुरुवात केली.
वॉर्ड ऑफिसचे फॉर्म, रोजी साडेचारशे,
आणि प्रश्न सातवा, जो माझा मलाच नीट कळला नव्हता:
जुनी वस्तू आपण का टाकत नाही?
पर्यावरण, बचत, सवय, इतर.
एकावरच खूण करा.

लघाटेबाईंनी मिक्सर दाखवला, एकोणनव्वद सालचा.
झाकणाला सायकलच्या ट्यूबचं वळं,
बटणाच्या जागी दिव्याचा खटका.
"पर्यावरण वगैरे काही नाही हो," त्या म्हणाल्या,
"ह्याचा खडखडाट ऐकला की खालच्या मजल्यावर कळतं,
लघाटे आज उठली."
पेन हवेत धरून मी उभी.

सियागंजच्या तोंडाशी इस्माईलभाई
पंख्याची कॉइल भरत होते.
तांब्याची तार बोटांतून सुटताना
ओठांतल्या ओठांत वेढे मोजत होते, म्हणून थांबले.
तीनशे झाल्यावर वर बघितलं.
"बेटा, कंपनी आता स्क्रूच देत नाही.
चिकटवून टाकते. उघडू कुठून?"
याला रकाना नव्हता.

विजय नगर, अकरावा मजला.
बांबूचे ब्रश, स्टीलच्या नळ्या,
आणि कोपऱ्यात छातीइतका ढीग
त्या नळ्या ज्यांतून आल्या त्या खोक्यांचा.
मला हसू फुटणारच होतं.
पण अन्विता म्हणाली,
"माझी आई काहीच टाकायची नाही.
घरात चालायला वाट नव्हती.
मला फक्त कमी हवंय.
कमी कुठे विकत मिळतं, तेच कळत नाही."

कान्ह नदीच्या कडेला सुगनबाई.
सकाळी कचऱ्याच्या गाडीवर,
ओला, सुका, काच, चिंध्या, हात न बघता वाटतो.
घरात सगळं आधी कुणाचं तरी:
कप तीन वेगवेगळ्या लग्नांतले,
पडद्यावर एका शाळेचं अर्धं नाव.
"खूण राहू दे," म्हणाली. "लिही, मला फ्रिज पाहिजे.
नवा. खोक्यातला.
त्याच्यावरची पन्नी मी फाडणार, माझ्या हाताने."

लिहिलं, जसंच्या तसं.
रकाना संपला, समासात शिरले,
समास संपला तेव्हा फॉर्म उलटा केला.
दुबेसाहेब विचारतील, यातून आकडा कसा काढू?
त्यांचंही बरोबर आहे.

मालवा मिलच्या चौकात, बसची वाट बघताना,
पेन बंद पडलं.
पिशवीत ऑफिसचे दहा नवे होते,
स्वच्छतेचं बोधवाक्य छापलेले.
हात गेलाही तिकडे.
मग तेच जुनं दोन तळव्यांत धरून घुसळलं,
दहावीच्या पेपरात घुसळायचे तसं,
फुंकर घातली,
बाजूच्या बाईने बघितलं, बघू दे.

का, ते विचारू नका.
एकावर खूण नाही होत.

चाललं.
फिकट, पण अजून दीड ओळ