हॉल चेअर, जोडी

जबल अलीच्या कंटेनरमधून उतरलं ते:
ओकचा कोटस्टँड, सहा खुंट्या, सातवी तुटलेली,
खाली बिडाचा ट्रे, छत्र्यांचं पाणी निथळायला,
आणि जुन्या कागदात गुंडाळलेल्या या दोन खुर्च्या.
नूरुल म्हणाला, छत्र्या? इथं?
आणि ट्रेमध्ये त्याने खिळे ठेवले.

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
शटर उघडं ठेवलं तर पॉलिशवर वाळू बसते,
बंद ठेवलं तर जीव जातो.
पाठीवरचं काळं मेण खरवडलं
तेव्हा खालून एक कोरीव हरीण निघालं,
पुढचा पाय उचललेलं. कुणा घराण्याची खूण.
बैठक मात्र फळीसारखी सपाट,
गादीसाठी कधी एक चुकही मारलेली नाही.
मला वाटलं, कारागीर घाईत असणार.

फिरोजउस्ताद हसले.
मोठ्या घरात ही दारापाशी असायची म्हणे,
निरोप्या, शिंपी, उधारी मागायला आलेला खाटीक,
ओल्या, मळक्या कपड्यांतली माणसं.
त्यांनी थांबावं,
पण ऐसपैस बसू नये.

सावंतवाडीला बाबा पाट रंगवायचे.
लाखेचा तांबडा, कडेने हिरवा वेल.
पाहुणा आला की आधी पाट, मग पाणी.
पाटावर कुणाला ताटकळत ठेवल्याचं
मला आठवत नाही.
ठेवलंही असेल. मी लहान होतो,
आणि पाट पुसायचं काम माझं नव्हतं.

शेलॅकचे नऊ हात दिले.
हलते का, हे बसल्याशिवाय कळत नाही,
म्हणून बसलो.
हलत नव्हती.

मिर्दिफच्या व्हिलात सगळं पोचवलं, मांडलं.
हेसा मॅडम म्हणाल्या, बसा ना, चेक आणते.
समोर सोफा होता, पिस्त्याच्या रंगाचा.
मी माझ्या पँटकडे पाहिलं
आणि खुर्चीकडे वळलो.
कुणी सांगितलं नव्हतं.

चाळीस मिनिटं.
हरणाचा उचललेला पाय
नेमका कण्यावर टेकत होता.
कोटस्टँडवर कोट नाही,
एका खुंटीला फक्त गाडीची किल्ली.
वर एसी गळत होता.
ट्रेमध्ये टप्.
बऱ्याच वेळाने पुन्हा टप्.
नूरुलला सांगायला हवं.

चेक आला. उठलो.
दारापर्यंत जाऊन परत फिरलो,
वाकून बैठकीवर उजेड तिरका पाडून पाहिला,
डाग तर पडला नाही ना
माझा.