चाळीस मिलिसेकंद

लिएपायाच्या बंदरामागे, मिठाच्या जुन्या गोदामात
पालिकेचा दप्तरखाना आहे.
तिथे एक स्कॅनर नऊ वर्षं कापडाखाली.
धडधाकट. काच स्वच्छ, पट्टा शाबूत.
फक्त त्याच्याशी बोलू शकणारी प्रणाली
कंपनीनं केव्हाच माळ्यावर टाकलेली,
आणि आमच्या संगणकांवर लिनक्स.

मार्चमध्ये मी कंपनीला पत्र लिहिलं:
तुमचा कोड नको. एवढंच सांगा,
कुठल्या कप्प्यात कुठला आकडा ठेवला
की दिवा पुढे सरकतो?
उत्तर आलं, फार सभ्य.
आपल्या उत्साहाबद्दल आभारी आहोत.
दुसऱ्या पत्रालाही तेच, तीच सही.
तिसऱ्याला काहीच नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग मी चोरून ऐकायला बसले.
एका म्हाताऱ्या संगणकात त्यांचा ड्रायव्हर
अजून तग धरून होता.
मधल्या तारेला मी कान लावला.
चार, सत्तर, शून्य, शून्य, एकशे बारा.
दोन वह्या भरल्या, शिवाय पावाची एक पिशवी.
एडविन्स म्हणाला, आई, कुणाचं भांडण ऐकतेस?

तेच आकडे त्याच क्रमानं मी म्हणून पाहिले.
दिवा लागला.
आतून दातओठ खाल्ल्यासारखी खरखर,
आणि पुन्हा अंधार.

दर मंगळवारी श्रीमती स्त्राज्दा यायच्या,
हातमोजे काढायच्या, विचारायच्या, झालं का?
खलाशांच्या त्या नोंदवहीत त्यांचे वडील होते.
पान उलटलं की कडेचा चुरा पडायचा.
एकदाच उघडता येईल, असं मी सांगितलेलं.

ऑक्टोबरात शिंचूहून एक पत्र.
नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय.
'हे यंत्र माझ्या टेबलावर जन्मलं.
दिवा लावल्यावर चाळीस मिलिसेकंद थांबा,
मगच सरक म्हणा.
पहिल्या खेपेच्या मोटारी स्वस्तातल्या होत्या,
त्यांना दम लागायचा.
हे आम्ही कागदावर कधी घेतलंच नाही.
कंपनी तुम्हाला देणार तरी काय?'

मी वह्या पुन्हा काढल्या.
प्रत्येक आकडा होता.
दोन आकड्यांच्या मध्ये किती वेळ गेला,
त्याला मी रकानाच आखला नव्हता.

ड्रायव्हर तपासणाऱ्यानं एकच शंका काढली,
ब्राझीलमधला कुणी काटेकोर मुलगा:
चाळीसच का? आधार काय?
मी लिहिलं, मोटार दमते.
त्यानं दोन दिवस घेतले. मग घेतला आत.

मंगळवारी दिवा काचेखालून
या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला,
मध्ये एकदा अडखळला, ते अजून कळलेलं नाही.
पडद्यावर श्रीमती स्त्राज्दांचं बोट:
डोळे राखाडी.
उंचीचा रकाना रिकामा.
त्या म्हणाल्या, ठेंगणे होते हो,
लाजले असतील सांगायला.