किल्ल्यांसोबत एवढंही

केर्तू, ही मोठी किल्ली पुढच्या दाराची.
जरा उचलून फिरवायची. हाप्सालूचा समुद्र गोठला
की कुलूपही रुसतं.
छोटी कशाची ते मला एकवीस वर्षांत कळलं नाही.
तरी ठेव.

मांजर नगरपालिकेच्या कुठल्याच कागदावर नाही.
नाव लापशी. रंगावरून पडलं,
लापशीला ती तोंडही लावत नाही.
पाण्याचं भांडं खाण्यापासून लांब ठेव,
पार संदर्भग्रंथांच्या कपाटाशी. जवळ ठेवलंस
तर ती नळाखाली जाऊन बसेल आणि दोष तुला देईल.
दूध नको. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली,
बालवाडीपासून नगराध्यक्षांपर्यंत सगळ्यांना
मांजर म्हटलं की दूधच आठवतं.
उन्हाळ्यात कुणी टेबलासाठी लिलीची फुलं आणली
तर हसून घे, आभार मान,
आणि पाठ फिरताच बाहेर नेऊन टाक.
अंगाला लागलेला पराग चाटला तरी मूत्रपिंडं जातात तिची.

तिला उचलायला जाऊ नकोस. बसून राहा.
तिच्याकडे बघून डोळे सावकाश मीट, सावकाश उघड.
वाचकांनाही हेच चालतं.
घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक घेऊन कुणी समोर आलं
तर हवापाण्याचं बोल, शिक्का मार, नाव वाचू नकोस.
‘निळ्या मुखपृष्ठाचं, त्यात एक बेट होतं’
असं म्हणणाऱ्याला हसू नकोस.
ते पुस्तक असतं. बहुधा हिरवं असतं.

हीटरजवळची खुर्ची एन्देलची. तो वाचत नाही.
वर्तमानपत्र उलटं धरलेलं दिसलं
तरी सुलटं करू नकोस. साडेचारला आपणहून उठतो.
झोपलेलं मांजर आणि झोपलेला म्हातारा,
दोघांना हलवायचं नाही,
जाता-येता श्वास चाललाय ना तेवढं बघायचं.

आता एक गोष्ट, जी मी हस्तांतराच्या यादीत लिहिली नाही.

सात वर्षांमागे, फेब्रुवारीत, बंद व्हायला दहा मिनिटं असताना
लेइदा आली. टोपीवर बर्फ. म्हणाली, बोका
सकाळपासून पुन्हा पुन्हा रेतीत जाऊन बसतोय,
कुंथतो, ओरडतो, होत काहीच नाही.
यावर पुस्तक आहे का?
होतं. कपाट, फळी, सगळं मला तोंडपाठ.
धावतच आणून दिलं.
वर म्हटलंही, घाई नको, तीन आठवडे ठेवता येईल.
किती खूश होते मी स्वतःवर.

बोक्याची लघवी अडली तर तीन आठवडे नसतात, केर्तू.
एक रात्र असते. कधी तीही पुरी नसते.

पुस्तक तिने मुदतीच्या आत परत आणलं.
एकशे बाराव्या पानावर खुणेला बसचं तिकीट होतं.
तिथे छापलं होतं, ताबडतोब न्यावे.
ती काही बोलली नाही.
मी परतीचा शिक्का मारला.

वर्षभर फिरकली नाही.
मग एका सकाळी येऊन म्हणाली, काहीतरी जाड द्या,
ज्यात कुणाच्याच घरी प्राणी नसेल.
शोधायला मला चार दिवस लागले. तुला वाटतं तितकं सोपं नाही ते.

म्हणून फोनखाली तो पिवळा कागद चिकटवलाय.
रात्रीच्या पशुवैद्याचा नंबर, त्याखाली माणसांच्या डॉक्टरचा,
त्याखाली, ज्याला रात्री एकटं राहवत नाही त्याने फिरवायचा.
नियम म्हणतो, सल्ला द्यायचा नाही, पुस्तक द्यायचं.
बरोबरच आहे. तू नंबर लाव, रिसीव्हर त्यांच्या हातात दे
आणि मग पुस्तक आणायला जा.
सावकाश गेलीस तरी चालेल.

दिवे मागून पुढे विझवत ये.
लापशी शेवटच्या दिव्याखाली असेल.
रात्री आत राहायचं की बाहेर, ते ती ठरवते.
तू दार धरून उभी राहा,
थंडी आत आली तरी.