सावलीचा दर

काउंटरवरच्या पोराने स्क्रीन आमच्याकडे वळवली.
पूर्वेचा स्टँड, सीझनचे चोवीसशे.
पश्चिमेचा, सहा हजार.
फरक कायचा बे, बाबांनी विचारलं.
पोरगा म्हणाला, काका, तिकडे सावली आहे.

ज्या माणसाने सव्वीस वर्षं
या मैदानावर चुन्याच्या रेषा ओढल्या,
दोरी, खुंटी, गळका डबा,
पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्यावर गुडघा टेकून
जो जादा चुन्यावर फुंकर मारायचा,
त्याला सावलीची चाल पाठ होती.
चारला ती पश्चिमेच्या भिंतीवरून उतरते,
पावणेपाचला सेंटर सर्कल ओलांडते,
सहाच्या आत सगळ्यांची होते.
तिला कोणी गेटवर अडवलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

नऊ मॅच. बाबा बोटांवर भागाकार करतात.
दोनशे सदुसष्ट, मी म्हणते,
आणि वाटतं, गप्प बसायला हवं होतं.
म्हंजे मिनिटाले तीन रुपये, ते म्हणतात,
इंज्युरी टाइम फुकट.
पोरगा हसत नाही. आमच्यामागे रांग आहे.

तेव्हा हाफटाइमला गेट उघडायचं.
तसा ठराव कुठल्या वहीत नव्हता.
मारोती चौकीदार कुलूप काढायचा
आणि बिडी प्यायला जायचा, भिंतीकडे तोंड करून,
की गड्डीगोदाम, खलाशी लाइन, मोमिनपुरा
सगळा एका दमात आत.
त्या अख्ख्या पिढीने पहिल्या हाफचे गोल
नुसते ऐकले.
मग कोणीतरी पायाने हवेत मारून दाखवायचा,
आणि दर वेळी तो गोल
पाच यार्ड अजून लांबून मारलेला असायचा.

मी म्हणाले, बाबा, खर्चही वाढलाय.
इम्तियाज आठवा. गुडघा गेला तेव्हा
क्लबने त्याला शाल दिली,
आणि तो जन्मभर जिना उलटा उतरत राहिला.
आता पोरांना पगार आहे, डॉक्टर आहे.
बाबांनी मान हलवली.
पैसा लागतेच. मी काऊन नाही म्हणू?
त्याचा गुडघा या पैशात झाला असता
तर मी दोनदा देल्ले असते.

मग मी भरते तुमचे. पश्चिमेचे.

भरशीन तू.
अन् माह्या बाजूले कोण बसन?
इम्तियाज? फ्रान्सिस?
हेडाऊचा म्हातारा,
जो रेफरीले शिवी द्याच्या आंधी टोपी काढे?
सावलीत एकटा बसून काय करू, बाई.
सावली त घरी बी हाय.

मग पोराकडे वाकून, अगदी हळू,
दुसऱ्या हाफचा पास असते का?

पोराने खरंच शोधलं.
वर सरकवलं, खाली सरकवलं,
कोणाला तरी फोनही केला.
तसा ऑप्शन येत नाही, काका.

निघताना बाबा जाळीपाशी थांबले.
रेषा आता मशीन मारतं, रंगाच्या, नाकासमोर सरळ.
चुना बंद झाला वाटते, मी म्हणाले.
मैदानावरचा, ते म्हणाले.

रविवारी घरी नव्हते, मी शोधत गेले.
गेट नंबर तीन. हाफटाइम होऊन गेलेला,
कुलूप जागच्या जागी.
सिक्युरिटीचा उईके, देवलापारचा पोरगा,
मैदानाकडे पाठ करून उभा. ड्युटीच तशी.
नऊच्या नऊ मॅचना तो हजर असणार
आणि त्याला पास दिसणार
फक्त गळ्यात लटकलेले.
शेजारी उलट्या बादलीवर बाबा,
उन्हात, डोळे मिटून.

आतून आवाज उठला आणि मध्येच तुटला.
काय झालं, बाबा, उईकेने मान न वळवता विचारलं.

पोस्टले लागला. डाव्या.
थांब थांब,
कॉर्नर हाय.