रिटचिंग

जुन्या बाजारात रविवारी
नळाच्या तोट्या आणि एका पायाच्या चपला यांच्या मधे
बुटाच्या खोक्यात माणसं विकायला असतात.
वीसला एक, तीन घेतलीत तर पन्नास.
"ओरिजिनल आहेत साहेब," विकणारा म्हणतो.
मी काही बोलत नाही.
फोटो उलटा करून शिक्का बघतो:
चंद्रप्रभा फोटो स्टुडिओ, रास्ता पेठ.
निगेटिव्ह तीन वर्षे जपून ठेवली जाईल.

त्या स्टुडिओच्या माळ्यावर, उत्तरेच्या खिडकीशी
माझी आत्या बसायची. अंबूताई दाभाडे, रिटचर.
तिरक्या काचेवर निगेटिव्ह, खाली आरसा,
डोळ्याला घड्याळजीचं भिंग
आणि सुईसारखी तासलेली शिसपेन्सिल.
अर्धं पुणं तिनं उलटं पाहिलं:
दात काळे, केस पांढरे,
विशीतली पोरं म्हातारी होऊन तिच्यापुढे यायची.
"इथं काळं केलं की तिथं उजळतं," ती सांगायची,
आणि तीट, पुटकुळी, देवीचा वण
टिंबाटिंबानं बुजवत जायची.

खाली धारप कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात.
"मान डावीकडे. अजून. हसू आतच ठेवा."
मॅटिनीहून थेट आलेली पोरं,
पँटला सायकलच्या क्लिपा तशाच,
कपाळावर पाण्यानं पाडलेली एक बट,
आणि खिशातून मासिकातला नट काढून
"अस्सा काढा."
मागे पडद्यावर तळं, तळ्यात चंद्र,
चंद्राला एका कोपऱ्यात ओल.
हातात स्टुडिओचा ट्रान्झिस्टर.
त्यात बॅटरी कधीच नव्हती;
तो अजून कितीतरी भिंतींवर वाजतोय.

लोक म्हणतात, तेव्हाची माणसं काय देखणी होती!
होती?
अंबूआत्याला विचारायला हवं होतं.

एकदाच एक बाई फोटो परत घेऊन आली.
यमुना खिलारे, खडकीच्या कारखान्यात कामाला,
तोंडभर देवीचे वण.
काउंटरवर फोटो ठेवून म्हणाली, "ही कोण?"
धारप म्हणाले, तुम्हीच की.
"माझी आय वळखायची न्हाई हिला.
माझं मला द्या."
आत्या जिना उतरून खाली आली. कधी यायची नाही.
दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या म्हणे,
एक भिंगाचा वळ डोळ्याभोवती घेऊन.
मग वर जाऊन तिनं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं
दोन दिवसांचं काम पुसलं.
धारपांनी वाया गेलेला कागद पगारातून कापला.

तेव्हापासून ती
प्रत्येक चेहऱ्यावर एक खूण सोडून द्यायला लागली.
कानाखाली, नाकपुडीशी, कुठेही.
मालकाला सांगायची, नजर चुकली.
मला सांगितलं, ते साठीनंतर, तेही भाजी निवडताना.
खोक्यातला प्रत्येक फोटो मी उन्हाकडे धरतो तो त्यासाठी.
सापडते. भुवईत एक तुटका जुना टाका.
हा कोण होता, कुठल्या गल्लीतला, जगला का नीट,
काही कळत नाही. पण हा होता.

आत्या गेली तेव्हा पेपरात द्यायला फोटो नव्हता.
आयुष्यभर ती कॅमेऱ्याच्या मागच्याही मागे.
बँकेच्या पासबुकावरचा घेऊन गेलो
टिळक रोडवरच्या एका दुकानात.
पोरानं दोनदा माउस हलवला,
आणि आत्या गुळगुळीत. हनुवटीवरचा मस गेला,
डोळ्याभोवतीचा वळ गेला.
"हे फ्री असतं काका," तो म्हणाला.
परत आण म्हणालो, तर म्हणे, सेव्ह झालं.

पेपरात तशीच आली ती.
शेजारच्या नेवासकरबाई म्हणाल्या, छान आलाय हो फोटो.

रात्री तिचा डबा काढला.
आत चार पेन्सिली, टोकं तशीच.
कागदावर शिसं सरळ काळंच उमटतं,
त्यात काही कसब नाही.
पेपरातल्या हनुवटीवर मी एक टिंब दिलं.
मागे सरकून बघितलं.

बहुतेक चुकीच्या बाजूला.