एकोणपन्नास

विस्कॉन्सिनात, गोठलेल्या तळ्याच्या काठी,
लोरेन शिमान्स्कीची धुलाई आहे.
तीन इस्पितळांच्या चादरी पहाटे चारला येतात,
रक्ताचे, आयोडिनचे, कुणाच्या शेवटच्या घामाचे डाग घेऊन,
आणि दुपारी परत जातात
काही झालंच नव्हतं अशा पांढऱ्या.

आज टपालात व्यापारी मंडळाचं पत्रक.
विधेयक अजून समितीपुढे आहे.
मंजूर झालं तर (हा 'तर' ठळक छापलाय)
पन्नास माणसं असलेल्या मालकाने
सगळ्यांचा विमा भरावा, नाहीतर दंड.
किती विमा, किती दंड, सवलत कुणाला,
सगळ्याचे रकाने आखलेत.
आकड्यांच्या जागी तारे.
खाली बारीक अक्षरात: बदलू शकेल.

हजेरीपटावर नावं त्रेपन्न.
पण अर्धवेळवाल्यांचे तास जोडून
त्यांची पूर्ण माणसं करायची, असं पत्रक म्हणतं.
मग माय येर वांग होते शून्य पूर्णांक सहा,
आणि रोलरवरचा डेल्बर्ट, गुडघा गेल्यापासून, अर्धा.
दोघं मिळून एक माणूस, वर एक दशांश.
हा दशांश कुणाच्या नावे लिहावा
ते पत्रकात नाही.
लोरेन बेरीज तीनदा करते:
एकोणपन्नास पूर्णांक एक.

तिच्या भाषेत हे चाळीस आणि नऊ.
तिथे कुणाची उणीव ऐकू येत नाही.
आपल्याकडे मात्र शब्दच सांगतो
की पन्नासाला एक कमी आहे,
एक जण दाराबाहेर उभा आहे.

त्याचं नाव गॅरेट नीमी.
कागदाची गिरणी बंद झाली तेव्हापासून घरी.
त्याचा अर्ज आठवडाभर तिच्या कपाखाली आहे,
त्यावर कॉफीचं एक गोल उमटलंय.
'ही नोकरी का हवी?' पुढे त्याने एकच शब्द लिहिला:
इन्सुलिन.
मग कंसात, मुलीचं वय.

बाबांच्या वेळी अकरा माणसं होती.
स्टाशाच्या पोटाचं ऑपरेशन त्यांनी गल्ल्यातून केलं,
गावात अजून सांगतात.
वेंडेलच्या दातांना मात्र नाही म्हणाले.
वेंडेल उलट बोलायचा.
तेव्हा कायदा नव्हता, मर्जी होती.
लोरेनला दोन्ही आठवतात,
पण गावात एकच गोष्ट सांगतात.

दर किलोमागे सहा सेंट वाढवावे म्हटलं
तर इस्पितळ कंत्राट ग्रीन बेला नेईल,
तिथल्या धुलाईत तीनशे माणसं, आधीच विमा,
त्यांना विधेयकाने काय फरक पडतो?
इस्पितळ महागलं म्हणून विमा महाग,
विमा महाग म्हणून चादर महाग,
चादर महाग म्हणून इस्पितळ...
पलीकडे ड्रम फिरतोय,
काचेत एक बाही वर येते, खाली जाते, वर येते.

साडेपाचला ती फोन लावते.
पलीकडे नळ चालू आहे, भांडी आहेत.
"अठ्ठावीस तास देऊ शकेन," ती म्हणते,
"आठवड्याला. सध्या."
नळ बंद होतो.
"विम्याचं?"
"अठ्ठावीसला नाही."
मग तो हो म्हणतो,
इतक्या पटकन की तिला वाटतं
थोडा तरी विचार करायचा होता त्याने,
थोडं भांडायचं होतं.

ती पेन्सिल घेते. शून्य पूर्णांक सात.
एकोणपन्नास पूर्णांक आठ.
अजून पन्नास नाही. वाचली.

दोन दशांश कमी.
म्हणजे माणसाचा केवढा भाग?
ती आपला हात टेबलावर ठेवते,
बोटांपासून कोपरापर्यंत,
आणि बघत बसते.
मागे यंत्र थांबल्याची घंटा होते,
कुणीतरी झाकण उघडतं,
वाफ सगळ्या खोलीभर.